देवाच्या बोकडाचा बाजार

विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसून धाकटा भाऊ रावजी डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून कळसच्या गेणूनं तोंडाला कुलूपच घातलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. वाढलं तर जेवायचा, एरवी भिंतीकडं बघत बसायचा. गावानं फुकटचे सल्ले पोत्यानं दिले. आई द्वारकाबाईनं बिरोबाला बोकड बोलला, त्याचा कान चिरून देवाच्या नावानं राखून ठेवला आणि ती वाट बघत बसली.

गेणूची बायको म्हाळसा मात्र वाट बघणाऱ्यांतली नव्हती. मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या पुण्याच्या एक बाई दर गुरुवारी बारामतीत बसतात, हे गावातल्या नर्सबाईकडून कळताच तिनं सणसरच्या एसटीडी बूथवरून नंबर लावला. बूथवर चारजण कान टवकारून उभे. "व्हय, येड्याच्या डाक्टरलाच फोन केलाय," तिनं स्वतःच सांगून टाकलं. लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं!

पहिल्या खेपेची फी डेअरीकडून आलेल्या दुधाच्या पगारातून निघाली. बाई गेणूजवळ बराच वेळ बसल्या. बाहेर आल्यावर म्हाळसानं विचारलं, "हाताला बांधायला काय देताय?"

बाई हसल्या नाहीत. "बांधायचं काही नाही. दर गुरुवारी आणा. दोन-तीन महिने तरी लागतील, पण खंड पडू देऊ नका."

पुढच्या गुरुवारी फीला पैसे नव्हते. सासू गिरणीत गेलेली बघून म्हाळसानं देवाच्या बोकडाचं दावं सोडलं आणि नवऱ्याला घेऊन बाजाराच्या टेम्पोत बसली. देव समजून घेईल, नाही घेतलं तर त्याच्याशी भांडू, असा तिचा हिशेब.

बारामतीच्या बाजारात व्यापाऱ्यानं बोकडाची पाठ दाबली, दात बघितले, मग हात कानाशी गेला आणि तिथून झटकन मागं आला. "बाई, देवाचं जनावर हाय. आमालाबी पोरंबाळं हायती." दुसऱ्यानं तर हातही लावला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरची सून, आणि चिरल्या कानाला गिऱ्हाईक नसतं हे विसरली! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगीच नाही.

नंबरची वेळ झाली होती. बोकड आणि नवरा दोघांना घेऊन ती तशीच दवाखान्यात गेली.

"आज पैसं न्हाईत," ती बाईंना म्हणाली. "पर खंड पडू द्यायचा न्हाय म्हनला हुता."

बाईंनी गेणूला आत घेतलं. बाहेर खिडकीच्या गजाला बांधलेला बोकड उन्हात ओरडायला लागला, थांबेचना. गेणूनं मान वर केली. उठून खिडकीशी आला.

"त्याला पानी पाजलं का?"

बाहेर बसलेल्या म्हाळसानं धावत जाऊन बादली आणली. बोकड पाणी पीत होता आणि तिचे डोळे वाहत होते.

घरी द्वारकाबाई दारातच उभी. "देवाचं जनावर इकाया नेलंस?"

"नेलं. कुनी घेतलं न्हाय. पर आत्याबाई, धनी बोललं." आणि तिनं काय घडलं ते सांगितलं.

म्हातारीनं हात जोडले. "बिरोबा पावला."

"पावला तर पावला. पर अजून लई गुरुवार जायाचंय. कसंबी करून मी नेनार."

द्वारकाबाई पुढं झाली. बोकड खुंट्याला बांधून मेंढरांच्या वाडग्यात शिरली आणि स्वतःची, माहेरहून आंदण आलेल्या मेंढीच्या वंशातली, एक गुबगुबीत मेंढी ओढत बाहेर आली. दावं तिनं सुनेच्या हातात दिलं.

"कान बघून घे हिचा," ती म्हणाली. "धड हाय."