मेट्रनचं पहिलं बाळंतपण

चिंचपोकळी स्टेशनामागे, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात कमलताईंनी जे उभं केलं होतं, ते शेती म्हणावं एवढं मोठं नव्हतं आणि परसबाग म्हणावं एवढं नीटनेटकंही नव्हतं. अळूचे वाफे, दोन शेवगे, थोड्या कोंबड्या आणि कमरेएवढ्या विटांच्या भिंती, वर जाळी आणि पत्रा अशा खोपटात एक डुकरीण. जागा कारखान्याच्या मालकाची. राखण करायच्या बोलीवर त्यानं ती वापरू दिली होती. डुकरीण आहे हे आजूबाजूला सगळ्यांना ठाऊक होतं, अधिकृतपणे मात्र कुणालाच नव्हतं.

कमलताई परळच्या एका प्रसूतिगृहात आयुष्यभर आया होत्या. निवृत्त झाल्यावर माझगावच्या एका ख्रिस्ती घरातून त्यांनी हे पिल्लू उचलून आणलं. नाताळसाठी घेतलेलं, पण इतकं मरतुकडं की ताटात वाढायचीही लाज वाटावी. बाटलीनं दूध पाजून त्यांनी ते जगवलं आणि त्याच्या चालीवरून नाव ठेवलं मेट्रन. ‘‘तशीच चालते बघ, राउंडाला निघाल्यासारखी.’’ नातेवाइकांनी नाकं मुरडली. आपल्यात कोणी डुकरं पाळतं का, असं विचारून झालं. कमलताई हसून भायखळ्याच्या बाजारातून कोबीची पानं गोळा करून आणत राहिल्या. जानेवारीत त्यांनी टेम्पो केला आणि मेट्रनला वसईच्या एका वाडीवर नराकडे नेऊन आणलं. फेब्रुवारीत त्या गेल्या.

आता मे महिना चालला होता आणि मेट्रनचं पोट जमिनीला टेकू पाहत होतं.

कमलताईंची मुलगी दर्शना दादरच्या एका ग्रंथालयात नोकरीला होती. आईचं कपाट तिनं अजून उघडलं नव्हतं. कपाट थांबायला तयार होतं, डुकरीण नव्हती. भाऊ मालाडहून फोनवर म्हणाला, ‘‘देऊन टाक कुणाला तरी.’’ ती म्हणाली, ‘‘व्याल्यावर बघू.’’ आईनं सुरू केलेलं हे एकच काम अर्धं राहिलं होतं. ते आपल्या हातून बिघडू नये, याहून जास्त तिला काही नको होतं.

तिला जे येत होतं ते तिनं आधी केलं, म्हणजे वाचलं. वराहपालनावरची पुस्तकं आणून रात्री जेवताना पुढ्यात उघडी ठेवली. पहिलटकरीण डुकरीण आडवी होताना पिल्लं भिंतीशी चेंगरतात, म्हणून भिंतीलगत वीतभर उंचीवर कठडा हवा, असं त्यात होतं. आवारातच जयवंतकाकांचं लेथचं वर्कशॉप होतं. तिनं त्यांना पाइप वेल्ड करून द्यायला सांगितलं.

‘‘आयुष्यात जिन्याला कठडे केले, गॅलरीला केले,’’ जयवंतकाका खोपटात ओणवे होत म्हणाले. ‘‘डुकराला पहिल्यांदाच करतोय. बारशाला बोलाव म्हणजे झालं.’’

‘‘वासाची तक्रार करणारे तुम्हीच ना पहिले?’’

‘‘तक्रार तुझ्या आईकडे होती. ती ऐकायची नाही, म्हणून करायला मजा यायची.’’ ते वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून कामाला लागले.

कठडा झाला. एका कोपऱ्यात पिल्लांसाठी दिवा टांगून झाला. मेट्रनच्या सडांना दूध दिसू लागलं त्या सकाळी दर्शनानं रजा टाकली, आणि लालबागहून लीलामावशी आली. कमलताईंची थोरली बहीण. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात ओवा-शेपांची पुरचुंडी.

‘‘ह्या काय गो?’’ खोपटात डोकावून मावशी म्हणाली. ‘‘चारी बाजूंनी वारो! पहिलटकरीण आसा ती. बाळंतिणीची खोली अशी ठेवतत?’’

‘‘मावशी, डुकरांचं जरा वेगळं असतं. पुस्तकात—’’

‘‘पुस्तक बाळंत झाला हा कधी? कमळीन हजार बायकांची बाळंतपणां काढल्यान. वारो लागलो तर दूद आटतला, असा सांगी ती. आता ती असती तर काय केल्यान असता, ता बोल.’’

दर्शनाला ते ठाऊक होतं. आईनं अगदी हेच केलं असतं. तिच्या स्वतःच्या लहानपणी शेजारच्या खोलीत कुणी बाळंत झालं की आई खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे कोंबायची. पुस्तकात तिनं नेमकं उलटं वाचलं होतं: पिल्लांना ऊब हवी, पण डुकरिणीला गारवा, तिला घाम येत नाही, उकाड्यात तिचा जीव घाबरतो. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मावशीनं पदर कमरेला खोचला. आई खोचायची तसाच, डावीकडे. दर्शना पोती आणायला वळली.

दोघींनी मिळून खोपट बंद केलं. जाळीला पोती बांधली. खालचा जुना गवताचा चुरा मावशीनं घाण म्हणून काढून टाकला आणि कोबा फिनेलनं धुवून लख्ख केला. दाराशी शेगडी पेटवून ओव्याची धुरी दिली. मग एका खोक्यावर बसून तिनं कपाळ पुसलं. ‘‘आता कसा बाळंतघर वाटता.’’

दुपारपर्यंत खोपटाच्या पत्र्याला हात लावता येईना. मेट्रन एकदा बसायची, लगेच उठायची. तोंड उघडं, जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा. पुढच्या पायांनी ती लख्ख कोबा खरवडत होती, खाली काहीच नसताना नाकानं काहीतरी ढकलून गोळा करत होती. मग तिनं जयवंतकाकांचा नवा कठडा दातांत धरला आणि करकर चावायला लागली.

‘‘कळा येतत,’’ मावशी म्हणाली, पण तिचाही आवाज उतरला होता.

‘‘कळा नाहीत या. ती घर करतेय आणि आपण तिला काही ठेवलेलंच नाही.’’ दर्शना उठली. ‘‘आणि तिला उकडतंय. मरेल ती.’’

‘‘दर्शना, वारो—’’

‘‘आई बायकांची आया होती, मावशी. डुकरीण तिनंही पहिल्यांदाच पाळली होती.’’

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपला आवाज फार चढला. दर्शनानं शेगडी उचलून आवारात नेऊन विझवली आणि पहिल्या पोत्याची गाठ सोडायला घेतली. गाठ मावशीची होती, पक्की. ती सुटेना तेव्हा तिनं कोयत्यानं सुतळी कापली. मग दुसरी, मग उरलेल्या सगळ्या. सोडलेली पोती पाण्यात बुडवून पत्र्यावर टाकली. वर्कशॉपच्या दारात जाऊन तिनं हाक मारली, ‘‘काका, पेंढा पाहिजे! आत्ता, लगेच!’’

आंब्याचे दिवस होते. फळवाल्यांकडे रिकाम्या पेट्यांतल्या पेंढ्याचे ढीग पडलेले असायचे. जयवंतकाका हातगाडी घेऊन गेले आणि छातीइतका ढीग ढकलत आले. ‘‘फुकट दिला. डुकराच्या बाळंतपणाला म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारलं, कुणाच्या म्हणून.’’

पेंढा आत पडला तशी मेट्रन थांबली. हापूसच्या वासात तिनं नाक खुपसलं. मग तोंडात भरभरून पेंढा धरून ती कोपऱ्यात नेऊ लागली. नेऊन टाकायची, पायानं सारखा करायची, पुन्हा यायची. कुणी शिकवलेलं नसताना. शेजारच्या गिरणीच्या चिमणीची सावली आवारात शिरेपर्यंत हे चाललं. मग ती त्या खळग्यात कुशीवर आडवी झाली. श्वास संथ झाला होता.

पहिलं पिल्लू साबणासारखं सटकून बाहेर आलं. मेट्रन दचकून उठली, वळून त्याच्यावर भुंकल्यासारखी ओरडली. दर्शनानं पिल्लू उचलून दिव्याखाली धरलं आणि पोत्याच्या तुकड्यानं पुसलं. दुसऱ्या वेळी मेट्रन फक्त वळून पाहत राहिली. तिसऱ्यापासून तिनं डोकंही उचललं नाही, नुसती घशात हुंकार देत राहिली. पाचवं मेलेलं आलं. दर्शनानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि पुढच्यासाठी हात पुसले. एकदा मेट्रन कूस बदलायला उठली आणि धप्पकन भिंतीकडे कलंडली. दोन पिल्लं कठड्याखाली गेली आणि तिथूनच किंचाळत बाहेर आली.

‘‘बघ, पैसे वसूल!’’ जाळीबाहेरून जयवंतकाका ओरडले.

‘‘तुम्ही पैसे घेतलेच कुठे?’’

शेवटी आठ जिवंत. सगळ्यात बारकं सडापर्यंत पोहोचत नव्हतं. भावंडं त्याला तुडवून पुढे जात होती. तेव्हा मावशी खोक्यावरून उठली, एवढ्या वेळानं पहिल्यांदा आत आली आणि गुडघ्यांवर बसली. तिनं एका दांडग्या पिल्लाला बाजूला सारलं आणि बारक्याचं तोंड छातीकडच्या, वरच्या सडाला लावून दिलं.

‘‘वरच्याक दूद जास्त,’’ ती म्हणाली.

‘‘हो. पुस्तकातही आहे.’’

‘‘आसात. माका काय करूचा हा.’’

पिल्लू ओढू लागलं. संध्याकाळचा वारा उघड्या जाळीतून सरळ आत येत होता आणि कडेचा सुटा पेंढा हलवत होता. मावशीनं पदर कानांवरून ओढून हनुवटीखाली घट्ट धरला. पोती परत बांध, असं मात्र ती म्हणाली नाही.