सांडव्यावरची भिंत

मित्रांनो, रस्त्यावरून जाताना तुम्हाला दोन बाजूंना मातीचे दोन उंचवटे दिसतात आणि मधून ओढा वाहताना दिसतो. ते दोन उंचवटे म्हणजे मीच. मी एक फुटलेला बंधारा आहे. लोक मला दगाबाज म्हणतात. म्हणून माझी हकिकत मीच सांगितलेली बरी.

मला यंत्रांनी नाही, माणसांनी बांधले. पुढे माझा कालवा ज्या गावात गेला त्या गावातली आणि माझ्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी असलेल्या वस्तीतली माणसे त्यासाठी एकत्र आली होती. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचे, ठोकून घट्ट करायचे आणि मग पुढचा थर. त्या माणसांत दोन बहिणी होत्या. थोरली अंगाने दणकट, तर धाकटी तोंडाने. धाकटीची एक पाटी रिकामी होईपर्यंत थोरलीच्या तीन व्हायच्या.

"ताई, जरा दमाने घे. बंधारा काय पळून चाललाय?"

"तुझ्या बडबडीने पळेल एखादवेळी," थोरली म्हणायची. आणि दोघी हसत खाली उतरायच्या.

बांधून झाल्यावर माझ्या एका टोकाला, माझ्या माथ्यापेक्षा बरीच खाली, एक रुंद मोकळी वाट ठेवली. तिला सांडवा म्हणतात. पाणी जास्त झाले की ते त्या वाटेने बाहेर पडते आणि ओढ्याला मिळते. मित्रांनो, मी मातीचा आहे. कितीही पाणी मला टेकून उभे राहू द्या, मी ते पेलतो. पण पाणी माझ्या डोक्यावरून गेले, तर मी साखरेसारखा विरघळतो. माझा सगळा जीव त्या सांडव्यात होता.

पुढे थोरलीचे लग्न गावातल्या गवंड्याशी झाले. त्याचे शेत माझ्या कालव्यावर होते. धाकटी ओढ्याकाठच्या वस्तीत दिली. माझ्या पाण्याने गावात दुसरे पीक येऊ लागले आणि वस्तीतल्या विहिरी उन्हाळ्यातही आटेनाशा झाल्या. पाहुणा आला की त्याला आधी माझ्यापाशी आणायचे. "हे आमचं पाणी," असे लोक छाती फुगवून सांगायचे. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे फावडी घेऊन येत, उंदरांची बिळे बुजवत, झुडपे उपटत, सांडव्यातला गाळ काढत. त्या दिवशी दोन्ही बहिणी शेजारी शेजारी काम करत आणि सासरच्या माणसांच्या नकला करत. मला वाटायचे, हे असेच चालत राहील.

पण पिके वाढली तशी तहान वाढली. सांडव्यातून वाहणारे पाणी गावाच्या डोळ्यांत खुपू लागले. "एवढं पाणी फुकट जातं," असे जो तो म्हणू लागला. एक दिवस गवंड्याने तोड काढली. सांडव्यावर दगडी भिंत बांधायची, म्हणजे तळ्यात आणखी पाणी राहील.

हे कळताच धाकटी बहिणीच्या घरी जाण्याऐवजी थेट माझ्यापाशी आली. गवंडी पायाची दोरी ताणत होता आणि थोरली दगड निवडत होती.

"ताई, हे काय चाललंय? पाण्याची वाट बंद केल्यावर ते जाईल कुठून?"

"अगं, बंद कुठे? वरून जाईल की," थोरली म्हणाली. "उलट तुझ्याच अंगणात दरवर्षी चिखल होतो ना? तो थांबेल. तुझंही बरंच होईल."

"मला चिखल चालेल."

"मेहुणीबाई, मी काय आज भिंती बांधतोय का?" गवंडी हसून म्हणाला. "माझी भिंत हलायची नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. भिंत अगदी चोख बांधली. फक्त ती माझ्या माथ्याच्या वीतभरच खाली येऊन थांबली.

पुढची काही वर्षे माझे कौतुक गगनात मावेना. तळे तुडुंब भरायचे. गवंड्याला लोक 'पाणीवाले' म्हणू लागले. मात्र फावडे घेऊन कोणी येईना. पाणी भरपूर असले की त्याची काळजी कोण करतो? लोक माझ्या अंगावर उभे राहून तळ्याकडे बघत आणि घरी जात. ते माझ्यावर उभे आहेत, हे त्यांच्या ध्यानातही नसे. धाकटी मात्र प्रत्येक पावसाळ्यात बहिणीकडे जाऊन भिंत थोडी उतरवा म्हणून सांगायची. हळूहळू थोरली तिला पाहून कामात असल्यासारखे करू लागली.

मग तो पाऊस आला. चढत्या दिवसाबरोबर वाढत गेला. दुपारी पाणी भिंतीवरून वाहू लागले, पण जितके जात होते त्याच्या कितीतरी पट येत होते. धाकटी पहार घेऊन धावत आली आणि भिंतीच्या टोकाशी घाव घालू लागली. गावातली माणसे तिथे जमलीच होती. गवंड्याने तिची पहार धरली.

"वेडी झालीस का? ही फोडली तर तळं अर्धं रिकामं होईल. पुढे गावाने काय करायचं?"

"आणि बंधारा गेला तर आम्ही काय करायचं? घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दाजी, सोडा!" मग ती बहिणीकडे वळली. "ताई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील ते."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले. मग जमलेल्या माणसांकडे पाहिले. सगळ्यांची शेते कालव्यावर होती.

"थोडं थांबून बघू या," ती म्हणाली. "पश्चिमेला उघडतंय बघ."

धाकटीने पहार तिथेच टाकली आणि ती वस्तीकडे पळत सुटली. दारोदार हाका मारून तिने माणसे टेकाडावर काढली. तिचा नवरा आईला उचलून आणायला परत घरात गेला.

इकडे पाणी माझ्या माथ्यावरून पाझरू लागले. आधी बोटभर ओघळ, मग त्याचा चर झाला. तेव्हा थोरलीने ती पडलेली पहार उचलली आणि भिंतीवर वेड्यासारखे घाव घालू लागली. मग गवंडीही धावला. पण चुना-सिमेंट पक्के बसले होते. त्यांच्याकडून एक दगड निघेपर्यंत माझ्या पाठीतून गाडीएवढी माती गेली. मी धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला. मित्रांनो, मला हात नाहीत. मी मधोमध फाटलो.

ओढ्याकाठी एकही घर उरले नाही. टेकाडावरची माणसे वाचली. धाकटीचा नवरा आणि त्याची आई मात्र दाराच्या बाहेरही पडू शकली नाहीत.

नंतर मोठे साहेब आले, सभा भरली. "मातीचाच बंधारा तो, जुना झाला होता," एकजण म्हणाला. "एवढा पाऊस कधी झालाच नव्हता," दुसरा म्हणाला. धाकटी मागे बसली होती. तिने एवढेच विचारले, "आणि भिंत?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. थोरलीनेही. दगा मी दिला, असे त्या दिवशी ठरले. गवंड्याची भिंत मात्र एक-दोन दगड सोडले तर आजही जशीच्या तशी उभी आहे.

दोघी बहिणी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. कालवा कोरडा पडला. माझी उरलेली माती लोक घरांच्या जोत्यांत भरायला नेऊ लागले. मी नाही म्हणणार कसा?

अलीकडे माझ्याच जागी नवा बंधारा बांधायचे चालले आहे. मोजमापाच्या दिवशी गवंडी आणि थोरली जमलेल्या माणसांत होती; धाकटीही आली होती. केस पांढरे झाले आहेत आणि बडबड पार आटली आहे. तिने काठीने जागा दाखवली. "सांडवा इथे करा. टेकाडावरच्या माझ्या दारातून दिसला पाहिजे. त्याच्या आड कुणी वीट जरी ठेवली, तर यावेळी मी विचारायला येणार नाही." एवढे बोलून ती उतरून गेली.

ती नजरेआड झाल्यावर एक तरुण शेतकरी हळूच म्हणाला, "पण सांडवा जरा उंच घेतला तर पाणी जास्त राहील, नाही का?"

गवंड्याने आपल्या जुन्या भिंतीकडे पाहिले. थोरली म्हणाली, "नाही."

त्या पावसाच्या दुपारी पहार धरणाऱ्या नवऱ्याला एवढा एकच शब्द पुरला असता. आणि या वेळी तो ऐकायला धाकटी तिथे नव्हती.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. माझे जे व्हायचे ते होऊन गेले. पण तुमच्या गावात बंधारा असेल, तर भरलेले तळे पाहून तसेच माघारी फिरू नका. टोकापर्यंत चालत जा आणि पाण्याची वाट मोकळी आहे का ते पाहा. नसेल तर तिथल्या तिथे बोला, मग आपली माणसे रुसली तरी चालेल. रुसलेली माणसे परत बोलू तरी शकतात.