घरचा पेपर

सकाळी बेल वाजली की अंथरुणाला खिळलेली प्राध्यापकांची बायको उशीवरून मान वळवायची आणि म्हणायची, "आली माझी मुकी!"

मुकी म्हणजे प्राध्यापकांची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. मोजकंच बोलायची, म्हणून हे नाव. ती या काकूंचं तोंड पुसायची, कूस वळवून पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची आणि मग वर्ग गाठायची.

अभ्यासक्रमात याला कुठे जागा नव्हती. पण अंतर्गत गुण सरांच्या हातात होते आणि सरांच्या घरी दर वर्षी कुणी ना कुणी राबत असे. कुणी भाजी आणून दिली, कुणी घर बदलताना पुस्तकांची खोकी वाहिली. मुलं याला 'घरचा पेपर' म्हणत. "यात आजवर कुणाची दांडी उडालेली नाही," असं एकमेकांना हसत सांगत.

प्राध्यापकांच्या लेकीला हे ठाऊक होतं. तिची बँकेतली नोकरी, रजा संपलेल्या. आईची सोय लागली होती. कशी लागली, ते तिने विचारलं नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आईला सकाळपासूनच धाप लागली. लेक पर्स खांद्याला लावून दारात उभी होती.

"ताई, आज माझी तोंडी आहे."

"नर्स येतेय, तोवर थांब गं. आमच्याकडे आज तपासणी आहे, मला गेल्यावाचून इलाज नाही." तिने वडिलांना फोन लावला, ऐकला आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, काळजी करू नकोस. मार्क कुठे जात नाहीत."

मुकीने बॅग खाली ठेवली.

नर्स दुपारी आली. तोवर आई गेली होती. तिचा हात मुकीच्या हातात होता.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली आणि निकाल लागला. मुकी घरी आली, ती बैठकीतच उभी राहिली.

"सर, माझी तोंडी घ्या."

"अगं, सगळ्यात वरची श्रेणी दिलीय तुला!"

"पाहिली. कशाची दिलीत, सर?"

"लोक मार्क वाढवून मागतात, तू परत करायला आलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सुरुवातीला मी मार्कांसाठीच येत होते, खोटं कशाला बोलू? नंतर काकूंसाठी यायला लागले. त्याचे मार्क नकोत. अभ्यास केलाय मी. मला काय येतं, ते कुणीतरी एकदा विचारा. तुम्ही घेणार नसाल, तर परीक्षा विभागात जाते."

"परीक्षा विभागात गेलीस तर गैरहजर ठरशील. वर्ष जाईल." प्राध्यापक उठून उभे राहिले. "तुझ्या काकूंना काय वाटलं असतं?"

"बाबा, आईला यात ओढू नका," आतल्या खोलीतून आलेली लेक म्हणाली आणि तिने चपला घातल्या. "चल गं."

परीक्षा विभागातल्या कारकुनाने अर्ज वाचून चष्म्यावरून पाहिलं. "गैरहजर का राहिलात? कारण सबळ असेल तरच फेरपरीक्षा."

लेकच पुढे झाली. "माझी आई मरत होती."

"तुमची? मग ही तिथे काय करत होती?"

लेक म्हणाली, "माझ्या जागी बसली होती. मार्कांचं आमिष दाखवून मीच तिला बसवलं. हिचे परीक्षक माझे वडील आहेत. त्यांचं नाव लिहून घ्या. माझंही."