नीळकंठाची गुळगुळीत छाती

सुचेताला पहिलं हसू फुटलं ते नर्सरीच्या काचेसमोर, पोटावरचे टाके ओले असताना, आणि तेही नवऱ्याच्या बोलण्यावर. नीळकंठ हा काही हसवणारा माणूस नव्हता. भोपाळच्या त्या अवाढव्य कारखान्यात तो इन्स्पेक्टर होता. वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या रेल्वेच्या डब्याएवढ्या रोटरमध्ये केसाएवढी खोट शोधायची हे त्याचं काम, आणि घरीही तो तसाच. ओठ मिटलेले, आणि ताटातल्या पोळीकडेसुद्धा तपासणीची नजर. ग्वाल्हेरची सुचेता लग्न करून पिपलानीच्या, म्हणजे कारखान्याच्या टाउनशिपमधल्या, क्वार्टरमध्ये आली त्याला दोन वर्षं होत आली होती, पण दोघांचं बोलणं अजून चांगल्या शेजाऱ्यांसारखं चाले. अदबीचं आणि कामापुरतं.

अशा घरात बाळ दोन महिने आधीच येऊन थडकलं. टाउनशिपच्या हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेपलीकडे एक खोली होती. तिला सगळे नर्सरी म्हणत. तिथं एका पेटीत तो ओंजळीएवढा जीव ठेवला होता. नाकात नळी, पायाला वायर आणि श्वासासरशी आत जाणाऱ्या बरगड्या. रोज सकाळी डॉक्टर सक्सेनाबाईंना विचारायचं, "कसा आहे?" आणि त्यांनी म्हणायचं, "देखते हैं." त्या 'देखते हैं'वर दोघं दिवस काढत होती. सुचेता रडलीसुद्धा नाही. आपण जरा हललो तर आत काहीतरी कलंडेल, असं तिला वाटत राही.

मग एका सकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाल्या, "बड़ा ज़िद्दी है आपका लड़का. नली निकाल दी है. अपने आप साँस ले रहा है. अब बस मोटा होना है इसको."

एवढं बोलून त्या पुढच्या आईकडे वळल्या. नवरा-बायकोनं काचेला नाकं लावली. कावीळ उतरावी म्हणून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. अंगावर लंगोट, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि एक हात डोक्याखाली ऐटीत टाकलेला. नीळकंठनं बाळाला वरपासून खालपर्यंत तपासलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला,

"आपण पचमढीला गेलो तेच चुकलं. गोव्याला जायला हवं होतं. हा बघ, एकटाच जाऊन पडलाय."

पचमढीला म्हणजे मधुचंद्राला. आणि त्या मधुचंद्राला बरोबर सासूबाई होत्या, शिवाय सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या दोन मैत्रिणी. सुचेताच्या पोटातून काहीतरी उसळत वर आलं. तिला वाटलं, आलं शेवटी रडू. पण ते हसू होतं. टाके करकचून ओढले गेले. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"नका हो! टाके!"

"मी काय केलं?" नीळकंठ घाबरला, आणि त्याचा तो घाबरलेला चेहरा बघून ती आणखीच हसायला लागली. मग त्याचेही खांदे हलू लागले. बिनआवाजाचं, आतल्या आत दाबलेलं हसू. सिस्टर अन्नम्मा दार उघडून बाहेर आल्या. "ये नर्सरी है कि सर्कस है?" त्या म्हणाल्या. दोघांनी माना खाली घातल्या, आणि दार बंद झाल्याबरोबर दोघं पुन्हा हसत सुटली.

त्या दिवसापासून त्यांना जणू कुणी भांग पाजली. कशाचंही हसू येई. बाळानं जांभई दिली की हसू, बाळ शिंकलं की हसू. बाळाचं वजन चमचाभर वाढलं की नीळकंठ जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उडवत खाली येई. ज्याला त्याला थांबवून सांगे, अगदी एक्स-रे काढायला आलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालासुद्धा. सुचेता उशी पोटाशी धरूनच फिरू लागली. वॉर्डातल्या बायका तिला 'तकियेवाली' म्हणू लागल्या.

सासूबाईंना, म्हणजे मंदाकिनीबाईंना, हे मुळीच पटत नव्हतं. त्या मूळच्या नागपूरच्या. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा सुचेताचे सासरे सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून इथल्या, पण बोली तिकडचीच राहिली होती. अरेरा कॉलनीतल्या थोरल्या मुलाचं घर सोडून त्या नातवासाठी पिपलानीला येऊन राहिल्या होत्या.

"काहून खिदळून राहिले तुम्ही दोघं?" त्या दटावत. "पोट्टं घरी येऊ द्या आधी. दृष्ट लागते बापा."

"आई, रडलं तर लागत नाही का दृष्ट?" नीळकंठनं विचारलं. मंदाकिनीबाईंनी मुलाकडे असं पाहिलं, जणू हा आपलाच ना याची खात्री करून घेतायत.

आता बाळाला आईच्या छातीवर ठेवायचं, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. कांगारूचं पिल्लू राहतं तसं, कातडीला कातडी लावून. त्यानं ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन चढतं. सुचेताला त्या आनंदात रात्रभर झोप आली नाही, आणि सकाळी उठली ती शिंकतच. दुपारपर्यंत नाक गळायला लागलं, अंग कढत झालं. डॉक्टरबाईंनी तिला नर्सरीच्या दारातूनच परत पाठवलं. "सर्दी पूरी ठीक होने तक अंदर नहीं आना. तब तक पापा करेंगे."

नीळकंठनं मागे वळून पाहिलं. पापा कोण, ते त्याच्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"मी? माझ्या हातांना ऑइलचा वास येतो. मी... मी लोखंड तपासतो हो, मॅडम."

"तो इसको भी तपासिए," डॉक्टरबाई हसून निघून गेल्या.

सिस्टर अन्नम्मांनी त्याला सगळं समजावलं. नखं कापायची, अंघोळ करून यायचं, पुढून उघडणारा शर्ट घालायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "और छाती एकदम साफ करके आना." त्यांना म्हणायचं होतं साबण लावून धुऊन या. पण नीळकंठ हा सूचनेतला शब्द न् शब्द पाळणारा माणूस, आणि त्याची छाती म्हणजे भरघोस, थेट गळ्यापर्यंत चढलेलं जंगल. त्यानं स्कूटरला किक मारली आणि पिपलानीच्या बाजारातलं न्हाव्याचं दुकान गाठलं.

पुढची हकिगत सुचेताला शेजारच्या भालचंद्र देवस्थळ्यांकडून कळली, कारण ते तेव्हा शेजारच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर बसले होते. नीळकंठ आत आला, शर्ट काढला आणि म्हणाला, "पूरी." न्हाव्यानं दोनदा विचारलं, "साब, पूरी? पक्का?" दुकानात बसलेल्यांनी पेपर खाली केले. कुणी विचारलं, कुस्ती लढायची आहे का. कुणी विचारलं, नाटकात उतरताय का. नीळकंठनं खुर्चीत ताठ बसून उत्तर दिलं, "मेरा बेटा बैठेगा यहाँ."

"मग वहिनी, काय सांगू," देवस्थळे डोळे पुसत म्हणाले, "सगळे खुर्चीभोवती येऊन उभे राहिले. न्हाव्यानं नवं पातं लावलं आणि देवाची मूर्ती घासावी तशी छाती केली हो. वर अर्धी बाटली आफ्टरशेव्ह!"

त्या आफ्टरशेव्हनंच घोटाळा झाला. नीळकंठ नर्सरीच्या दारात उभा राहताच सिस्टर अन्नम्मांना सटासट शिंका आल्या. "ये क्या लगाया? बच्चे के पास खुशबू नहीं चलता! जाओ, धो के आओ!" शर्ट उघडल्यावर त्यांना ती गुळगुळीत, लालबुंद, जागोजागी कापलेली छाती दिसली. तोंडावर धरायला पदर नसल्यामुळे त्या हातातला टॉवेलच धरून आत पळाल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं.

दोनदा धुऊन, पुसून, अखेर नीळकंठ खुर्चीत बसला. काचेबाहेर मास्क बांधून सुचेता उभी, शेजारी मंदाकिनीबाई. सिस्टरनी पेटीतून बाळ उचललं आणि बेडकासारखं पालथं त्याच्या छातीवर ठेवलं. बाळाचं टोपडं त्याच्या हनुवटीखाली आलं. वरून चादर गुंडाळली. नीळकंठ इतका ताठ बसला होता, की जणू त्याच्यावर कुणी काचेचं झुंबर ठेवलं असावं. पापणीसुद्धा लवत नव्हती.

मग हळूच त्याचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या. त्यानं काचेकडे बघून ओठ हलवले. सुचेतानं कान लावला, पण ऐकू येईना.

"काय म्हणून राहिला तो?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

सुचेतानं ओठ वाचले. "म्हणतायत... मुतला."

आत नीळकंठचा चेहरा असा फुलला होता, की प्रमोशन मिळालं त्या दिवशीही फुलला नव्हता. मंदाकिनीबाईंनी आधी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांच्या नकळत त्यांच्या नाकातून एक फुस्सकन आवाज निघाला.

तेवढ्यात आतलं यंत्र किंचाळायला लागलं.

अशी बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. डॉक्टरबाईंनी हे, आणि तेव्हा तळपाय चोळायचा हेही, सांगून ठेवलं होतं, पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. टोपड्याखालचा तो इवलासा चेहरा करडा होत चालला होता. सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बाळाची सुई हातात धरून. नीळकंठ यंत्राच्या आकड्यांकडे बघत थिजला होता. आयुष्यभर आकडेच बघत आलेला माणूस. सुचेतानं दोन्ही तळव्यांनी काच बडवली.

"नीळकंठ! पाय! अरे, त्याचा पाय चोळ! आकडे बघू नकोस, पाय चोळ!"

नीळकंठनं चादरीत हात घातला. बोटानं तो शेंगेएवढा तळपाय घासला, एकदा, दोनदा, मग टिचकी मारली. बाळ आक्रसलं, तोंड उघडलं, आणि मांजराच्या पिल्लासारखी एक चिडकी किंकाळी फोडून त्यानं श्वास घेतला. रंग परतला. यंत्र गप्प झालं. सिस्टर धावत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हो गया. पापा को सब आता है."

नीळकंठ रडत होता, आणि रडता रडता हसत होता, आणि हसण्यानं त्याची छाती हलत होती, आणि छातीवरचं बाळ होडीसारखं वरखाली होत होतं. सुचेता काचेला टेकली. मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं, की आपण सासूबाईंच्या देखत नवऱ्याला नावानं हाक मारली. नुसती हाक नाही, अरेतुरे केलं, तेही सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. तिनं भीत भीत वळून पाहिलं.

मंदाकिनीबाई डोळे पुसत होत्या. "बरं केलं ओरडली ते," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या जन्मापासून ओरडून राहिली, त्याला माझं ऐकूच येत नाही. यापुढं तूच ओरडत जा." आणि त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या, की वॉर्डातून कुणीतरी विचारायला आलं, तकियेवालीला आता परत जुळं झालं की काय.

सुचेताची सर्दी गेली. मग बाळाला तिनं आपल्या छातीवर ठेवलं, पुन्हा त्यानं, आळीपाळीनं. कामावरून सुटला की नीळकंठ थेट तिथं. कुणाची पाळी यावरून दोघं चक्क भांडायलाही लागली, आणि तू किती जास्त वेळ घेतलास म्हणून एकमेकांना टोमणे मारू लागली. आता 'अहो' फक्त पाहुण्यांसमोर उरलं होतं. बाळ टोपड्यात मावेनासं झालं, वाटीतलं दूध चुटुचुटु पिऊ लागलं, आणि मग नीट अंगावर. गालांवर गाल आले.

घरी न्यायचा दिवस उजाडला. देवस्थळ्यांनी आपली व्हॅन आणली. पुढे मंदाकिनीबाई, मागे सुचेता, कुशीत बाळ, शेजारी नीळकंठ. गर्दी करायची नाही, अनोळखी माणूस जवळ येऊ द्यायचा नाही, अशी सिस्टर अन्नम्मांची सक्त ताकीद. देवस्थळे इतक्या सावकाश चालवत होते, की एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं आणि वळून कीवेनं पाहिलं.

आणि नेमका भोंगा झाला. शिफ्ट सुटली. कारखान्याच्या फाटकातून स्कूटरी, सायकली, बसगाड्या यांचा लोंढा रस्ताभर पसरला, आणि व्हॅन मधोमध अडकली. खिडकीशी डोकी जमायला लागली. "अरे, साब का बच्चा! छाती वाला!" पिपलानीत ती गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती?

"काचा वर!" सुचेता ओरडली. नीळकंठ दार उघडून खाली उतरला. ज्याच्यासमोर वर्कशॉपमधले लोक विडी लपवत, तो इन्स्पेक्टर व्हॅनच्या पुढे दोन्ही हात पसरून उलटा चालू लागला. "साइड दो भाई! दूर से देखो! छोटा बच्चा है!"

"कितना छोटा, साब?" एका फोरमननं स्कूटरवरूनच विचारलं.

"इतना!" नीळकंठनं हातांनी दाखवलं. ते फारच लहान वाटलं म्हणून हात जरा लांब केले. मग आणखी लांब. शेवटी त्यानं दाखवलेलं मूल दुसरीत जाणाऱ्या पोराएवढं झालं. रस्ताभर हशा पिकला. कुणी घंटी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता त्या सगळ्या सायकली आणि स्कूटरी वाजायला लागल्या. लोंढा दुभंगला, मधून वाट झाली, आणि त्या वाटेनं नीळकंठ पुढे, व्हॅन मागे, अशी वरात क्वार्टरपर्यंत आली.

एवढ्या गलक्यात बाळ गाढ झोपलं होतं. दारात व्हॅन थांबली तरी सुचेताला उतरता येईना. हसू थांबतच नव्हतं. "आई, तुम्ही घ्या याला," ती कशीबशी म्हणाली. मंदाकिनीबाईंनी नातवाला उचललं, आणि नीळकंठनं घामेजलेला हात पुढे करून बायकोला ओढून बाहेर काढलं.