तेविसावं पान

वाटणी करावी तं लालीबाईनं, असं आमच्या तांड्यातलं बारकं पोट्टंबी सांगन. माही तारीफ मीच करून राह्यली असं वाटन तुमाले, तं वाटू द्या. शिकार येवो, देवीचं बोकड पडो, का कोणाच्या लग्नातला गूळ उरो, वाटायले हात लालीबाईचाच. बोरी अरबच्या बाजारापासून कोसभर आमचा तांडा, बावीस घरं. पळसाची बावीस पानं मांडायची अन् हरेक पानावर सारखंच पडलं पाहिजे. तांड्याच्या नायकाले जास्त नाई, एकट्या म्हातारीले कमी नाई. फक्त ज्या घरची बाई दोन जीवाची असन, त्या घराले एक पान जास्तीचं. ते पोटातल्याचं. त्याले मागता येत नाई म्हणून त्याचा वाटा मारू नये, असं आमच्या बुढ्याईनं सांगून ठेवलं हाय.

मी वाटत जातो अन् शेजारची सोनीबाई पानं मोजत जाते. तिचं माह्यं जमत नाई. काहून जमत नाई ते आता दोघीलेबी आठवत नाई, पण जमत नाई. मी पानं मांडली का ती बोट नाचवत एका टोकापासून सुरू करते. तीस वर्षांत तिले एक चूक सापडली नाई. तरी 'बरोबर हाय' असं कधी तोंडातून निघालं नाई. नुसतं 'हं' करते अन् पान उचलून घरी जाते.

पासष्ट सालची गोठ हाय. पावसानं दगा देल्ला. जवारी फूटभर वाढली अन् उभीच करपली. ढोरं गेली, माह्या दावणीले एक गाय राह्यली, तीबी भाकड. सरकारनं लाल जवारी धाडली, कोण्या दूरदेशची. तिची भाकर विटेच्या रंगाची अन् चव बी तशीच. खाल्ली बापा. न खाऊन सांगतो कोणाले.

त्यातच माह्या सुनेले, जमनीले, दिवस गेले. आदल्या साली तिले सातव्याच महिन्यात पोट्टं झालं होतं, दोन मुठीयेवढं. एक दिवस जगलं अन् माह्याच हातावर गेलं. त्यावर मी जास्त बोलत नाई. या खेपेले लेकरू भरल्या अंगाचं यावं, येवढी एकच गोठ मले पाहिजे होती.

कोणीतरी सांगतलं का बोरीच्या दवाखान्यात दोन जीवाच्या बाईले सरकार फुकट दूध देते. मी म्हटलं, सरकारनं गाय कधी घेतली? पण गेली. पोरगा भावसिंग बंडी हाकत होता, मी अन् जमनी मागं. दवाखान्यात सुहासिनीबाई नावाच्या नर्स होत्या, यवतमाळच्या. पांढरं लुगडं नेसून सायकल चालवत. त्याईनं जमनीले तपासलं, काट्यावर उभं केलं, नाव लिहिलं अन् एक मोठा डबा पुढं ठेवला. आत दूध नाई, पीठ. पांढरं, भुरभुरीत.

"हे पाण्यात कालवायचं," त्या म्हणाल्या.

कोरडं दूध मी जन्मात पाह्यलं नव्हतं. बोट बुडवून चाटलं. ते टाळूले असं चिकटलं का जीभ हालेना. तेवढ्यात बाई सांगू लागल्या, "लालीबाई, हे फक्त हिनं प्यायचं. रोज दोन पेले. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही." मले वाद घालायचा होता, पण तोंड बंद. मान हालवली. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलली नाई, तं भावसिंग म्हणे, "याडी, हे दूध दर महिन्याले आणत जाऊ." आमच्यात आईले याडी म्हणतेत. आईची अशी कदर.

आता बाई बोलल्या ते सरकारचं झालं. तांड्यात तांड्याची रीत. बाहेरून आलं ते सगळ्याईचं, मंग ते हरीण असो का डबा. मी पानं मांडली, बावीस घराची अन् एक पोटातल्याचं. वाटीवाटीनं पीठ पडलं. सोनीबाईनं मोजलं, हं केलं.

मंग तांड्यात त्या दुधाचं काय काय झालं म्हणता. डोंगरसिंग नायकानं ते उकळत्या चहात टाकलं, त्याच्या झाल्या गाठी, अन् त्या गाठी त्याले असल्या आवडल्या का चहा ठेवून गाठीच चावत बसला. उकंडा नावाच्या गड्याच्या पोट्ट्याईनं तोंडाले फासून होळीच्या आधीच होळी केली. सोनीबाईनं आपलं पीठ कोंबडीपुढं टाकलं. कोंबडीनं एक डाव पाह्यलं अन् तोंड फिरवून निंघून गेली.

जमनीच्या वाट्याले दोन पानं. दोन दिवस पुरली. मी तिले म्हटलं, "पाय, नायकाले एकच पान अन् तुले दोन." ती म्हणाली, "हो याडी." ती मलेबी याडीच म्हणे.

दुसऱ्या महिन्याले डबा आला, पुन्हा तसंच. तिसऱ्या महिन्याले सुहासिनीबाईनं जमनीले काट्यावर उभं केलं अन् आपल्या वहीत मागचं पान पाह्यलं. पुन्हा काट्याकडं पाह्यलं.

"हिचं वजन अजिबात वाढलं नाही. डबा किती दिवस पुरतो?"

जमनी खाली पाहून राह्यली. मीच सांगतलं, ताठ मानेनं, "दोन दिवस." अन् वरून सगळी वाटणीची रीत सांगतली, पळसाच्या पानासकट. माह्या हाताची ख्याती यवतमाळपर्यंत जाईन असं वाटलं मले.

बाईनं वही मिटली. मंग म्हणाल्या, "तुम्ही पोटातल्याचा वाटा काढता ना?"

"काढतो म्हणजे. एक पान वेगळं."

"अहो लालीबाई, हा अख्खा डबाच पोटातल्याचा वाटा आहे. सरकारनं काढून दिलेला. तुम्ही त्या वाट्याचे तेवीस वाटे केलेत."

त्याईनं जमनीचा हात धरून माह्या हातात देल्ला. मनगटावरच्या बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या. "मूल लहान वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. "मागच्यासारखं व्हायला नको."

ज्या हाताची मी तारीफ करत फिरत होती, त्याच हातानं मी माह्या नातवाच्या तोंडचं दूध घरोघर वाटलं होतं, अन् त्यातलं एक पान कोंबडीनंबी नाकारलं होतं.

वापस येताना बंडीत जमनीले इचारलं, "काहून बोलली नाईस वं?"

"तुमी सगळ्याईले सारखं वाटता, याडी. माह्यासाठी तुमचा हात वाकडा कायले करू?"

मले लय राग आला. तिचा नाई, माह्याच. पण काढला तिच्यावर. कासरा भावसिंगच्या हातात होता म्हणून त्यालेबी दोन शब्द ऐकवले.

वाटेत मी ठरवलं का या खेपेचा डबा लुगड्याखाली घेऊन कणगीत लपवायचा. पण तांड्याच्या तोंडाशी सोनीबाई बसून होती अन् तिची नजर सरळ डब्यावर. शिवाय आज सुनेसाठी डबा दाबला, तं उद्या कोण्या तोंडानं पानं मांडू? एकीकडं लेकरू, एकीकडं तीस वर्षांचा हात. अशी कात्रीत मी कधी सापडली नव्हती.

मंग पानं मांडली. सगळे जमले. वाटी डब्यात गेली अन् तिथीच राह्यली. हातच उचलेना.

"काय झालं?" डोंगरसिंग नायकानं इचारलं.

मी सगळं सांगतलं. काटा, वजन, बांगड्या, नर्सबाई काय म्हणाल्या ते. सांगता सांगता डोळ्यात पाणी आलं, अन् ते सोनीबाईनं पाह्यलं याचं मले अजून वाईट वाटलं.

नायकानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा बांधलं. "रीत मोडता येत नाई अन् लेकरूबी घालवता येत नाई," तो म्हणाला. "आता हे कसं जमवावं, मलेबी सुधरत नाई."

"वाट ना वं," सोनीबाई मले म्हणाली. "हाताले लकवा मारला का?"

माह्या अंगाची आग झाली. म्हटलं, पाय कशी बाई हाय ही. घेतली वाटी अन् रागारागानं सगळी पानं भरली. रागातबी एक चिमूट कमीजास्त नाई, तेवढं सांगतो. सोनीबाईनं बोट नाचवत मोजली. हं केलं. आपलं पान उचललं अन् घराकडं न जाता सरळ जमनीपुढं गेली. तिच्या पुढ्यातल्या पितळेच्या गंजात सगळं पीठ उलटं केलं.

"वाटा भेटला तो माहा," ती नायकाले म्हणाली. "मी कोंबडीले टाको, का कोणाले देवो. अन् कोंबडी तं खात नाई."

मंग माह्या बाजूनं जाता जाता बारीक आवाजात म्हणाली, "माह्या बसंतीले सून करून आणलं त्याले सहा वर्षं झाली, लाली. माह्या घरी पाळणा नाई हालला. तुह्या घरचा तरी हालू दे."

मी रिकामी वाटीच पुसत बसली. तीस वर्षांत मले तिले उलटून बोलायची सवय लागली, सरळ बोलायची नाई.

त्यानंतर उकंडाची बायको उठली, मंग दुसरी, मंग सगळीच. एकेक पान येऊन जमनीच्या गंजात रिकामं झालं. नायक सगळ्यात शेवटी आला. त्याले गाठीची चटक लागली होती, त्याचा जीव निंघत नव्हता. पण त्यानंबी ओतलं, पान झटकून.

तवापासून दर महिन्याले असंच. मी पानं मांडायची, सारखं वाटायचं, सोनीबाईनं मोजायचं, अन् मंग सगळ्याईनं आपापला वाटा जमनीच्या गंजात टाकायचा. एक डाव सुहासिनीबाई सायकलनं तांड्यात आल्या अन् नेमका तोच तमाशा पाह्यला.

"डब्यातून पानावर, पानावरून पातेल्यात," त्या म्हणाल्या. "सरळ डबाच का देत नाही हिला?"

"मंग ते सरकारनं देल्लं असं झालं असतं, बाई," मी म्हटलं. "आता ते तांड्यानं देल्लं."

त्याईनं पदरानं घाम पुसला. "निम्मा चमचा सांडतो तुमचा यात," येवढंच म्हणाल्या.

सातवा महिना लागला तशी मी जमनीच्या मागंमागं फिरू लागली. ती उठली का मी उठू, ती बसली का मी बसू. पोरगी हैराण झाली. सातवा गेला. आठवा गेला. आखाडात पाऊस आला अन् नववा भरून जमनीले पोट्टी झाली. भरल्या अंगाची, मांडीले वळ्या, अन् आवाज असा का उकंडाच्या दाराशी कुत्रं भुकायले लागलं. मी तिले हातावर घेतलं तं हाताले वजन लागलं. मी रडली. या खेपेले कोणी पाह्यलं का नाई, ते मी पाह्यलंच नाई.

सुहासिनीबाईनं पोट्टीले तोललं अन् हसल्या. "बघा लालीबाई, सरकारी दुधाचा गुण."

मी म्हटलं, "हो बाई." सरकारलेबी वाटा पाहिजे थोडा.

पाजणाऱ्या बाईलेबी डबा भेटत होता, म्हणून पुढच्या महिन्याले मी पुन्हा पानं मांडली. सोनीबाई मोजायले लागली. शेवटाले आली अन् तिचं बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मंग कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. तीस वर्षं पाह्यलेली वाट तिच्या तोंडावर फुलली होती.

"तेवीस," ती म्हणाली, सगळ्याईले ऐकू जाईन असं. "तुही नात बाहेर आली, लाली. पोटातल्याचा वाटा बंद झाला. तरी तू तेवीस पानं मांडली. सापडली का नाई शेवटी?"

"तेवीसच हायत," मी म्हटलं. "पण जास्तीचं पान माह्या घरचं नाई."

"मंग कोणाच्या घरचं?"

मी जमनीकडं पाह्यलं. जमनीनं बसंतीकडं पाह्यलं. अन् बसंतीनं, सोनीबाईच्या सुनेनं, ओढणी हनुवटीपर्यंत खाली ओढली. नजर लागन म्हणून तिनं दोन महिने सासूलेबी सांगतलं नव्हतं, फक्त जमनीले सांगतलं होतं. अन् जमनीच्या पोटात ती गोठ एक दिवस राह्यली नाई.

सोनीबाई खाली बसली, मातीतच. तिसऱ्यांदा मोजायले लागली, एकेका पानाले बोट लावून, हळूहळू. शेवटच्या पानावर तिचं बोट राह्यलं, अन् तिनं ते काढलंच नाई.

"बरोबर हाय, लाली," ती म्हणाली.