सव्वीस वेळा

मी फोन पाडतो. तारापूरच्या एमआयडीसीत एक लहानशी चाचणी-प्रयोगशाळा आहे, तिथे माझं तेच काम. फोन चिमट्यात अडकवायचा, एकशे बावीस सेंटिमीटर उंचीवर न्यायचा, बटण दाबायचं. चिमटा उघडतो, अर्ध्या सेकंदात फोन खाली. खाली काँक्रीटवर प्लायवूडचा जाड तुकडा बसवलेला आहे. मग फोन उचलायचा, काच, कॅमेरा, बटणं, स्पीकर तपासायचे आणि तक्त्यात खूण करायची.

एका चाचणीत असं सव्वीस वेळा. हा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही. आगपेटी हातात घेऊन मोजून पाहा: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. फोन जमिनीवर जितक्या तऱ्हांनी पडू शकतो, त्या सगळ्या यात आल्या. पालघरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना मला असल्या आकड्यांची गोडी लागली होती, आणि नोकरीत पहिल्यांदा कोणी मला तसल्या आकड्याबद्दल विचारलं, ती माझी आई.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिच्यासाठी फोन नेला होता. आमच्याकडे चाचणीला आलेल्यांत सगळ्यांत टिकाऊ ठरलेलं मॉडेल, वर जाड रबरी कव्हर. आमचा पाडा विक्रमगडच्या पलीकडे आहे. घरात रेंज येत नाही. मागच्या टेपाडावर मोहाचं एक झाड आहे, तिथे येते, तीही फांदीजवळ. म्हणून पाड्यात फोन असतो तो झाडावर असतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने फांदीला टांगायचा. वाजला की खाली ऐकू येतो. मग धावत वर जायचं, झाडाखालच्या दगडावर चढायचं, पिशवीवरूनच हिरवं बटण दाबायचं आणि टांगलेल्या फोनशी मोठ्याने बोलायचं. संध्याकाळी काढून घरी आणायचा.

फोन टांगताना आई (तिचं नाव लाडकी) घाबरत होती.

"पडला मंजे?"

"काय नाय होत, आये. सव्वीस वेळा पडला तरी फुटत नाय. मी सोता पाडून बघितलाय."

"आनि सत्ताविसाव्या वेळंला?"

मी हसलो होतो. शेजारचा म्हातारा गोमाही तंबाखू मळता मळता हसला होता. "तवर तुजा पोऱ्या सायब व्हईल, नवा आनंल."

त्यानंतर दर रविवारी सकाळी आठला मी फोन करायचो. बोईसरला चाळीतल्या खोलीत आम्ही दोघं राहतो, पण माझ्या सोबत्याची शिफ्ट माझ्या उलटी. त्याला मी त्याच्या ओल्या टॉवेलवरून ओळखतो. कामावर चिमटा माझ्याशी बोलत नाही. केळव्याचा धर्मेश शेजारच्या टेबलावर फोनच्या बॅटऱ्या तपासतो, तो दिवसातून चार-पाच वाक्यं बोलतो, त्यातली दोन त्याच्या सुपारीच्या वाडीबद्दल असतात. एकदा आठवडाभरात मी किती शब्द बोललो याचा अंदाज काढून पाहिला. त्यातले अर्ध्याहून जास्त रविवारचे निघाले. आई काही फार सांगायची नाही. कोंबडी खुडूक बसली, नाचणी झोडली, शेजारच्या नवसीची पोर आजारी होती, आता बरी हाय. पण ते सगळं ती ओरडून सांगायची, आणि ओरडून सांगितलेलं आठवडाभर पुरायचं.

यंदाच्या डिसेंबरात एका रविवारी फोन लागला नाही. फोन बंद आहे, असं ती यंत्रातली बाई म्हणाली. बॅटरी उतरली असेल. दुसऱ्या रविवारी तेच. दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो, माणसं वीटभट्ट्यांवर आणि भिवंडीकडे कामाला जातात, शिमग्याला परततात. नवसीचं घरही गेलेलं. मागे उरतात म्हातारी माणसं, आणि त्यांच्यात फोन एकच, तो आईचा. विचारणार कोणाला?

तिसऱ्या रविवारीही बंद आला. सोमवारी मी चाचणीत एक फोन चुकीच्या कडेवर पाडला आणि तक्ता बाद करावा लागला.

"मन कुटं हाय तुजं?" धर्मेशने विचारलं.

मी सांगितलं. त्याने बॅटरीची वायर खाली ठेवली. "मग इथं काय करतोस? जा ना!"

मंगळवारी निघालो. त्याच मॉडेलच्या कव्हरांच्या चाचणीतून न वापरलेले पाच नमुने उरले होते, ते साहेबांनी मला घेऊ दिले होते. त्यातलं एक पिशवीत टाकलं. का, ते तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. फोन फुटला असेल तर कव्हराचा उपयोग नाही आणि आईलाच काही झालं असेल तर फोनचाही नाही. मनोरला बस बदलली, विक्रमगडहून जीप, मग तासभर चालत. टेपाडावरचं झाड आधी दिसतं. फांदीला दोरी लोंबत होती. पिशवी नव्हती.

आई अंगणात कुडाला शेण लावत होती. मला बघून हात तसेच धरून उभी राहिली.

"काय रं? काम सुटला का काय?"

"फोन कुठंय?"

"हाय की. घरात हाय. किती ओरडतोस!"

ती आत गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि भातातून फोन काढला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. काचेला एका कोपऱ्यात केसासारखी चीर, कव्हराचे चारही कोपरे खरवडलेले. मी बटण दाबून धरलं. फोन सुरू झाला.

"चालू आहे हा! मग टांगत का नाहीस?"

"एकच रायलीय," आई म्हणाली.

"काय?"

तिने कणगीमागची भिंत दाखवली. लाल मातीच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते, तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवून लावलेले. पाचाची एक ओळ, एका हाताच्या बोटांइतकी, अशा पाच ओळी.

"पाच हात झाल्या. वाऱ्यानं पडला, एकदा कावल्यानं पाडला, बाकीच्या माज्या हातून, काढताना. एक तेवडी रायली. ती मी राखून ठेवलीय. मना काय झाला तर गोमा फोन वर नेंल, तुला सांगंल. तेवा पडला तर पडला."

गोमा दारात येऊन बसला होता. "मी बोललो तिला, लाव ग, पोऱ्या वाट बघत असंल. नाय ऐकली."

"तू गप," आई म्हणाली. "सव्वीस मंजे सव्वीस. त्यानंच सांगितला ना? तो सोता पाडतो."

मी तिथेच बसलो. चूक माझी होती, आणि ती पूर्णपणे चूकही नव्हती. चुलीजवळची आगपेटी घेऊन मी तिला बाजू, कडा आणि कोपरे मोजून दाखवले. सव्वीस म्हणजे फोनचं आयुष्य नव्हे, पडायच्या तऱ्हा. ती लक्ष देऊन बघत होती. आगपेटी तिने स्वतःच्या हातात घेतली, एकेक कोपरा बोटाने चाचपला.

"मंग तू एकच फोन सव्वीस येला पाडतोस?"

इथे मी अडकलो. नियम असा आहे की सव्वीस आपट्या जास्तीत जास्त पाच फोनांत वाटून देता येतात, आणि आमच्याकडे तसंच करतात. एका फोनच्या वाट्याला पाच, फार तर सहा. हे मी दिवाळीला सांगितलं नव्हतं. सांगावंसं वाटलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "पाच फोन असतात. वाटून."

आईने आगपेटी चुलीजवळ परत ठेवली. "पाच जनांनी वाटून घ्यायचा," ती म्हणाली. "हा हितं एकलाच हाय."

दुपारी मी टेपाडावर जाऊन दोरीच्या टोकाची उंची मोजली. दोन मीटर दहा. खाली प्लायवूड नव्हे, काळा दगड. आपटताना लागणारी ऊर्जा आमच्या चाचणीच्या पावणेदोनपट. या फोनने अशा पंचवीस आपट्या सोसल्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाही फोनने इतकं सोसल्याची नोंद नाही. पुढच्या वेळी तो टिकेल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.

तरी एक उपाय होता. तिच्यासमोर पाडून दाखवायचा. टिकला की तिची भीती गेली. मी फोन घेऊन दगडाजवळ उभा राहिलो, हात वर केला. आई माझ्यामागून वर आली होती, दोन पावलांवर खाली उभी होती. तिने दोन्ही हात पुढे धरले, फोन झेलता येईल असे. हजारो फोन पाडलेत मी. चिमट्याचं बटण दाबताना अंगठा कधी थांबला नाही. तिथे माझी बोटं उघडेनात.

मी हात खाली घेतला. पिशवीतून नवं कव्हर काढलं, जुनं ओढून काढलं, नवं चढवलं.

"हे बघ. नवीन कव्हर. आता परत सव्वीस."

हे खरं नाही. रबर नवं झालं तरी आतले सांधे जुनेच राहतात, त्यांना बसलेले धक्के पुसले जात नाहीत. खोटा अहवाल दिला तो आयुष्यात पहिल्यांदा.

आईने फोन उलटापालटा करून बघितला. "परत सव्वीस?"

"परत सव्वीस."

"आनि त्या झाल्या मंजे?"

"मंजे परत नवं कव्हर."

"ते कोन चडवंल? गोमा?"

"मी येईन ना."

"पोस्टानं नाय धाडायचा?"

"नाही. ते नीट बसवावं लागतं," मी म्हणालो. कव्हर कोणीही चढवू शकतं.

"बरा," आई म्हणाली. घरी आल्यावर तिने चुन्याची डबी काढली आणि जुन्या ओळींच्या बाजूला, हातभर जागा सोडून, भिंत पदराने पुसून ठेवली.

पुढच्या रविवारी आठला फोन वाजला आणि तिसऱ्या घंटीला तिने उचलला. मी खोलीत उभा राहून बोललो, सोबत्याच्या टॉवेलकडे तोंड करून. कोंबडीची पिल्लं निघाली होती, सात. शेवटी ती म्हणाली, "चार झाल्या."

"चार? आठवड्यात?"

"व्हय. पडतो."

त्यापुढच्या रविवारी अकरा. मग एकोणीस. पहिल्या पंचवीस आपट्यांना चौदा महिने लागले होते, म्हणजे सतरा दिवसांना साधारण एक. आता दिवसाला एक. मी तिला विचारलं, दोरी बदललीस का? नाय. फांदी? तीच. वारा सुटलाय? वारा कुटला, पान हलत नाय. फोन कसा आहे? मस्त हाय. आवाज तर असा स्वच्छ येत होता की तिच्यामागून टेपाडावर आलेल्या पिल्लांची चिवचिवही ऐकू येत होती. दगडावर एकोणीस वेळा आपटलेल्या फोनच्या माईकमधून आवाज कसा येतो, ते मला माहीत आहे.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, "पंचवीस. एकच रायली."

"आये, तो पडतोय ना?"

ती नेहमीपेक्षाही मोठ्याने ओरडून म्हणाली, "पडतो मंजे पडतोच! मोजून ठेवलाय भिंतीवर. येऊन नांग, तुज्या डोल्यांनी."

सोमवारी मी रजेचा अर्ज भरला. धर्मेशने डोकावून पाहिलं. "पुन्हा? आता काय फुटलं?"

"काही नाही. कव्हर बदलायचं आहे."

"मग सगळी घेऊन जा की, एकदाच. शिकवून ये म्हातारीला."

मी ड्रॉवर उघडला. चार कव्हरं होती. त्यातलं एक पिशवीत टाकलं आणि ड्रॉवर लावला.