कोवळ्या पानाचा घास

थंडी पडली की आमच्या वसाहतीत कोबी येतो, आणि कोबीमागोमाग दया येते. महिला मंडळाच्या अध्यक्षा प्यो बाई दरवर्षी अंगणात सगळ्यांना बसवून किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात, 'बिचाऱ्या मुलांसाठी'. गुलाबी ॲप्रन, गुलाबी हातमोजे, गुलाबी फलक. बाईंचं हसूही त्याच रंगाचं.

माझ्या शेजारची चोरोंग अकरा वर्षांची. अंगानं वाढली, बोलणं मागेच राहिलं. आईनं तिला घरी शिकवलं होतं: पान उचल, मसाला चोळ, पुढचं पान. पोरीला एकच हवं होतं, बायकांच्या रांगेत बसायचं.

"अगं चोरोंगची आई," प्यो बाई म्हणाल्या, "हिला कशाला त्रास? वाटायच्या डब्यांपाशी बसू दे. डबा घेताना फोटोत छान दिसेल."

"डबा घ्यायला नाही आली ती. कामाला आलीय."

"तसं नाही गं. पण खाण्याची वस्तू... लोकांना कसंसंच वाटतं."

"ही किमची हिच्यासारख्यांसाठीच ना?"

"म्हणजे काय! त्यांच्यासाठीच तर!"

शेवटी रांगेच्या टोकाला जागा मिळाली. ॲप्रन मात्र म्हणे संपले. खोक्यात दोन, घडीही न मोडलेले, तसेच होते.

चोरोंग पानं चोळत होती, बाहुलीची वेणी घालावी तशी, हळू, मन लावून. एवढ्यात फोटोवाला आला.

"बाई, मुलीला घास भरवा की!"

किमची घालताना आतलं कोवळं पान गुंडाळून शेजारणीला भरवायचं, ही आमची रीत. अबोला धरलेल्या सासूसुनाही त्या दिवशी तोंड उघडतात. बाईंनी कॅमेऱ्याकडे बघत चोरोंगला भरवलं. टाळ्या झाल्या.

मग चोरोंगनं पान गुंडाळलं आणि बाईंच्या तोंडापाशी नेलं.

बाईंचे ओठ शिवल्यासारखे मिटले. "नको गं राणी... माझं ना, पोट बिघडलंय सकाळपासून."

पोरीचा हात तसाच वर. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"आण इकडे," तिची आई म्हणाली. तिनं तो घास खाल्ला, सावकाश चावून. मग खोक्यातला ॲप्रन काढून लेकीच्या कमरेला बांधला आणि बाईंकडे वळली.

"तुम्ही उठा आता. पोट बिघडलेल्यानं खाण्याच्या वस्तूला हात लावू नये. लोकांना कसंसंच वाटतं."

रांगेतली एक म्हातारी फिस्सकन हसली. मग दुसरी. बाई हातमोजे ओढत उठल्या.

चोरोंग त्यांच्या जागेवर सरकली आणि तिनं पुढचं पान उचललं.